बिनखात्याच्या माणसाचा चेक : नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी महोदय, नंदुरबार
सविनय नमस्कार.

बँकेत खाते नसलेल्या माणसाच्या हातात चेक पडला, तर त्याचे पैसे त्याला कसे मिळावेत? एवढ्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितो आहे. जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँक योजनेतल्या जिल्हा सल्लागार समितीचे आपण अध्यक्ष आहात. जिल्ह्यातल्या साऱ्या बँकांचे अधिकारी त्या बैठकीत आपल्यासमोर बसतात. म्हणून हे मागणे आपल्याकडेच.

‘आता खाते नाही असा माणूस राहिलाय कुठे?’ असे मला नेहमी ऐकवले जाते. आधारची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावातून २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. २०१४ पासून जनधनची खाती निघाली. हे सगळे खरे आहे आणि त्याचा मला आनंदही आहे. पण मी आयुष्यभर धडगाव भागातल्या पाड्यांवर शिकवले. तिथली स्थिती निराळी आहे. कुणाचे खाते दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेले, कुणाची केवायसी, म्हणजे ओळखीच्या कागदांची तपासणी, थकलेली. कुणी कामाला गुजरातेत गेला तेव्हा तिकडेच खाते काढले, ते तिकडेच राहिले. घरात खाते आहे, पण ते नवऱ्याच्या नावाचे, अशा बायका तर कितीतरी. सरकारी तक्त्यात ही सगळी घरे ‘खातेदार’ म्हणून मोजली जातात. काउंटरवर मात्र ती बिनखात्याचीच असतात.

अशा माणसाकडे चेक येतो कुठून? बहुतेक वेळा माल विकून. मिरची, कापूस, मका घेऊन माणूस बाजारात येतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत रोकड आटली तेव्हा व्यापारी चेक देऊ लागले आणि पुढे काहींनी तीच रीत ठेवली. शेतकऱ्याने रोख मागितली की उत्तर मिळते, ‘दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही, आयकरवाले धरतात.’ महोदय, पिकवणाऱ्याच्या बाबतीत हे खरे नाही. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाला त्या दहा हजारांच्या अटीतून सूट आहे. दोन लाखांच्या आतल्या अशा रोख व्यवहाराला आयकराची आडकाठी नाही, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०१७ मध्येच केला आहे. तो नंदुरबार, शहादा, तळोदा इथल्या बाजार समित्यांच्या आवारात मोठ्या अक्षरांत लावला, तर निम्मे गाऱ्हाणे तिथेच मिटेल.

उरलेले निम्मे बँकेच्या दारात आहे. शहादा तालुक्यातली एक विधवा बाई मिरचीचा चेक घेऊन व्यापाऱ्याच्याच बँकेत, त्याच्याच शाखेत गेली. चेक तिच्या नावाचा होता. कोपऱ्यात दोन तिरप्या रेषा नव्हत्या. हातात आधार कार्ड होते. तरी काउंटरवरून सांगण्यात आले की, खाते नसेल तर पैसे मिळत नाहीत. ती मला म्हणाली, ‘पैसा मना शेतस, मंग माले काब देत नहीत?’ मी शिक्षक माणूस, पण मला तिला उत्तर देता येईना. शेवटी ती चेक घेऊन परत व्यापाऱ्याकडे गेली. त्याने कटती, म्हणजे स्वतःसाठी काही रक्कम, कापून रोख दिली. घामाच्या पैशाला लागलेली ही कटती.

कायदा तिच्या बाजूने होता. चेक, हुंडी यांच्यासाठीच्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाप्रमाणे रेषा मारलेला चेक फक्त बँकेमार्फत वटतो. रेषा नसलेल्या चेकला ती अट नाही. बेअरर चेक असेल तर तो आणणाऱ्याला, ऑर्डर चेक असेल तर ज्याचे नाव त्याला, ओळख पटवून आणि मागे सही किंवा अंगठा घेऊन, चेक ज्या शाखेवरचा आहे त्या शाखेत रोख देता येते. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर नोकरीवर बेतेल, ही कॅशियरची भीती मी समजू शकतो. पण नीट खात्री करून, रीतसर पैसे देणाऱ्या बँकेला याच कायद्याच्या कलम ८५ मध्ये संरक्षण आहे.

सर्वात जास्त सलते ते कलम ३१. खात्यात पुरेशी शिल्लक असताना बँकेने विनाकारण चेक नाकारला, तर भरपाई मागायचा हक्क चेक लिहिणाऱ्याचा. चेक घेणाऱ्याला त्या कलमाखाली बँकेला धरता येत नाही. म्हणजे त्या बाईचे भांडण व्यापाऱ्याने भांडायचे, आणि कटतीत त्याचा फायदा असेल तर तो कशाला भांडेल? ती दाद कुणाकडे मागणार? म्हणूनच हे आपल्याला लिहितो आहे.

रेषा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहिलेल्या चेकची गोष्ट अवघड. तो भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही. बिनखात्याच्या माणसाला तिथे खातेच हवे, आणि ते त्याच दिवशी हवे. कागद अपुरे असले तरी स्वतः साक्षांकित केलेला फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, एवढ्यावर ‘छोटे खाते’ उघडता येते. त्यातून महिन्याला दहा हजार काढता येतात, शिल्लक पन्नास हजारांवर जाता कामा नये, वर्षाची जमा एक लाखापर्यंत. आपल्याकडच्या एका चेकला हे पुष्कळ झाले. तरतूद आहे, पण ‘सोमवारी या’, ‘मशीन बंद आहे’ यात ती विरते. तोरणमाळच्या घाटावरून आलेल्या माणसाचा परत यायचा खर्च कोण देणार?

पतसंस्थेच्या सभासदाला आणखी एक वाट आहे : पन्नास हजारांपर्यंतचा त्याच्या नावाचा अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या बँक खात्यात जमा करून घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. खान्देशात पतसंस्थांवरचा विश्वास उडाला आहे, त्यामुळे मी त्यावर भर देत नाही. पण जिथे चांगली संस्था आहे तिथे लोकांना हे कळावे.

उशीर इथे परवडत नाही. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिने आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, होळीला परत येते. निघण्याआधी घेतलेला आणि वटवता न आलेला चेक तोवर मेलेला असतो. मग व्यापाऱ्याकडे नव्या चेकसाठी हात जोडायचे.

माझे मागणे मोठे नाही. समितीच्या येत्या बैठकीत प्रत्येक शाखेला लेखी कळवावे की, रेषा नसलेला चेक ‘खाते नाही’ या एका कारणावरून नाकारू नये. नाकारलाच, तर कारण कागदावर लिहून शाखाधिकाऱ्याच्या सहीने द्यावे. तसा कागद हातात असला की आम्ही तो घेऊन आपल्याकडे येऊ शकतो. चेक घेऊन आलेल्याचे खाते त्याच दिवशी उघडावे, निष्क्रिय असेल तर त्याच दिवशी चालू करावे. आणि आपल्या अखत्यारीतल्या कार्यालयांनी, बाजार समित्यांनी चेकवर रेषा मारण्याआधी समोरच्याला एकदा विचारावे : तुझे खाते चालू आहे का? हा प्रश्न अहिराणीत, पावरीत, भिलीत विचारला जावा.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर हलतील. त्याआधी आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
शहादा