मूलपेशींची विक्री थांबवा, सुजेवरचे उपचार जिल्ह्यात द्या

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यावर हाताला येणारी सूज आणि विदर्भात आजही आढळणारा हत्तीपाय यांच्या मुळाशी एकच बिघाड असतो. लसिकेचा, म्हणजे ऊतींमधून वाहून जाणाऱ्या पातळ द्रवाचा, निचरा तुंबतो आणि पुढे त्वचा जाड होऊन तेथे चरबी साठत जाते. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी असे रुग्ण पाहते. त्यांच्यातले काही जण आता ‘मूलपेशींनी (स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींनी) सूज कायमची जाईल’ अशी हमी देणारी खासगी दवाखान्यांची पत्रके दाखवतात आणि त्यासाठी शेत गहाण टाकावे का, असे विचारतात.

यामागचे संशोधन खोटे नाही. पोटाच्या किंवा मांडीच्या चरबीतून वेगळ्या केलेल्या पेशी काखेत टोचल्यास त्यांतून स्रवणाऱ्या वाढघटकांमुळे नव्या लसिकावाहिन्या फुटतील, अशी अपेक्षा आहे. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे 10 रुग्णांवर झालेल्या प्राथमिक अभ्यासात त्यांना जडपणा कमी वाटला, परंतु हाताचे आकारमान लक्षणीय घटले नाही. शिवाय कर्करोग होऊन गेलेल्या शरीरात वाढीला चालना देणारे काही टोचायचे, तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते; ते पत्रकवाल्यांकडून होईल, असे मला वाटत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे ठरावीक विकार वगळता मूलपेशी उपचार रुग्णांवरील मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर करता येत नाहीत. तेव्हा अशा दवाखान्यांकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि तो नसेल तर जाहिरातीसह उपचार बंद करावेत.

मात्र केवळ बंदीने भागणार नाही. बोटांच्या बेचक्या धुऊन कोरड्या कशा ठेवायच्या, कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या बोटांपासून वर थरांनी कशा गुंडाळायच्या, हे माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना तोवर कोणी दाखवलेलेच नसते. हत्तीरोग निर्मूलनाचे 2027 चे उद्दिष्ट गोळ्यांवर उभे आहे. त्या प्रसार रोखतात, आधीच सुजलेला पाय उतरवत नाहीत. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या कामाचा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असावा आणि दाबमोजे (सूज आवरण्यासाठी घालायचे घट्ट मोजे) विनामूल्य मिळावेत. हे मोजे साधारण सहा महिन्यांत सैल पडतात, त्यामुळे एकदाच वाटप करून चालणार नाही. वर्षाला दोन जोड धरूनच तरतूद करावी, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, नागपूर