भूक कशी मोजायची यावर वाद घाला, पण मोजणे थांबवू नका

माननीय संपादक,

श्रीमंत देशांतील भुकेवर वाचकपत्रांतून चाललेली चर्चा वाचते आहे. एकाचे म्हणणे, अमेरिकेत पावणेपाच कोटी लोक उपाशी आहेत, मग भारताला नावे का ठेवता? दुसऱ्याचे म्हणणे, जिथे दहापैकी चार प्रौढ लठ्ठ, तिथे कसली आलीय भूक? शहापूर-मुरबाडकडच्या अंगणवाड्यांवर मी पर्यवेक्षिका होते. मला दोन्ही मते पटत नाहीत.

पावणेपाच कोटींचा आकडा खरा आहे, पण तो उपाशी माणसांचा नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या पाहणीत २०२३ मध्ये १३.५ टक्के कुटुंबांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. त्या घरांत मिळून ४ कोटी ७४ लाख माणसे राहत होती. या पाहणीत कुणाचे वजन घेत नाहीत, प्रश्न विचारतात. हातात पैसे येण्याआधी घरातले अन्न संपेल अशी धास्ती वाटली का? पैशाअभावी जेवण कमी केले का, टाळले का? अशा अनेक प्रश्नांपैकी तीन प्रश्नांना 'हो' आले की ते घर यादीत. प्रत्यक्ष जेवणात काटछाट करावी लागलेली घरे ५.१ टक्के.

आपल्याकडे सेविका पट्टी घेऊन मोजते. मुलाच्या डाव्या दंडाभोवती ती रंगीत पट्टी गुंडाळायची. कातडीत रुतता कामा नये आणि सैलही राहता कामा नये. मूल घाबरून हात आखडते, मग आईच्या मांडीवर बसवून हात सैल सोडेपर्यंत थांबायचे. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल. मूल 'सॅम', तीव्र कुपोषित. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश निघाली. अमेरिकेतल्या धास्तीचे टक्के या टक्क्यांशेजारी मांडून 'तेही आपल्यासारखेच' म्हणणे हा या मुलांवर सरळ अन्याय आहे.

पण म्हणून तिथली भूक खोटी ठरत नाही. मैदा, साखर, तेल स्वस्त पडते, त्याने पोट भरते, वजनही वाढते. लोह आणि प्रथिने तेवढ्याने पुरेशी मिळत नाहीत. शिवाय अमेरिकेच्या त्याच पाहणीत मुले असलेल्या घरांपैकी खुद्द मुलांच्याच जेवणात काटछाट झालेली घरे जेमतेम १ टक्का आहेत. बहुतेक घरांत थोरली माणसे आधी स्वतःचे ताट आखडते घेतात. हे मला शहापूरच्या पाड्यांवर रोज दिसायचे. मुलांना वाढून झाले की आई पातेल्याच्या तळाला उरेल ते खाणार. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. या आया मुलाच्या दंडाच्या पट्टीत कशा दिसणार? त्यांना गाठायला अमेरिकेतल्यासारखे प्रश्नच विचारावे लागतात. ते मोजमाप आपल्यालाही हवे आहे.

आकडा नेमका कशाचा, हे ब्रिटनबाबतही पाहावे लागते. तिथल्या एका मोठ्या अन्नपेढी संस्थेने, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेने, २०२३-२४ मध्ये ३१ लाख शिधापाकिटे वाटली. तीही पाकिटे आहेत, माणसे नव्हेत; एकच घर अनेकदा येते.

मला खरा राग आला तो सप्टेंबर २०२५ मधल्या निर्णयाचा. सुमारे तीस वर्षे चाललेली ही पाहणी अनावश्यक आणि राजकीय ठरवून अमेरिकी कृषी खात्याने ती यापुढे बंद करण्याचे जाहीर केले. मोजमापात खोट असेल तर ते दुरुस्त करावे. मोडीत काढले की वाद घालायलाही काही उरत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. मुले गेल्यावर राज्याचे लक्ष तिकडे वळले.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती आहे. ठाणे आणि पालघरमधली सॅम आणि मॅम (मध्यम कुपोषित) बालकांची तालुकावार संख्या दर महिन्याला छापा. जुलै ते सप्टेंबरची तर जरूर छापा, कारण लावणी उरकली की मजुरी थांबते आणि घरातले धान्य संपत आलेले असते. आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांची मुले त्या-त्या महिन्यात कोणत्या अंगणवाडीच्या पटावर आहेत, हेही जिल्हा परिषदेला विचारा.

– एक निवृत्त पर्यवेक्षिका, कळवा, ठाणे