हवालदार गुरुजींना फाटकावर नको, वर्गात उभं करा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण द्यायचं आणि त्यासाठी राज्यातल्या अडीच लाख माजी सैनिकांची मदत घ्यायची, असं आपल्या खात्याने जून 2025 मध्ये जाहीर केलं. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या जिल्हा परिषद शाळेत बसून मी ती बातमी वाचली आणि मला आमचे हवालदार गुरुजी आठवले. आनंद झाला, पण धास्तीही वाटली. आपण त्यांना बोलवाल ते फक्त 'सावधान, विश्राम' करून घ्यायला, ही ती धास्ती.

गुरुजी मराठा लाइट इन्फंट्रीतले, बेळगावच्या सेंटरमध्ये तयार झालेले. पलटणीत जवानांना परीक्षेसाठी शिकवायचं काम त्यांच्याकडे असायचं. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची घरची पत्रंही तेच लिहायचे. सतरा वर्षं नोकरी करून 1994 मध्ये गावी परतले तेव्हा त्यांचं वय होतं सदतीस. या वयात माझे सहकारी शिक्षक कुठे नुकते रुळलेले असतात. गुरुजींना मात्र डी.एड. नाही म्हणून शाळेत जागा नव्हती. मिळाली ती एका कारखान्याच्या फाटकावरची पहारेकऱ्याची नोकरी. दिवसा फाटक, आणि संध्याकाळी गावातल्या समाजमंदिरात आमची अभ्यासिका. फी नाही, मानधन नाही. त्या नोकरीतच त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पुस्तकं आमच्या शेजारी बसूनच वाचायचे.

सहावीत मला नकाशाची भीती वाटायची. प्रमाण म्हणजे काय, हे पुस्तकातून काही केल्या डोक्यात शिरेना. गुरुजींनी आम्हाला रस्त्यावर नेलं. दोरीने शंभर मीटर मोजून दिले आणि म्हणाले, चाला, शंभर मीटरला तुमची पावलं किती पडतात ते मोजा. माझी एकशे पासष्ट पडली. मग प्रत्येकाने खिशात खडे घ्यायचे, शंभर मीटर झाले की एक खडा या खिशातून त्या खिशात. अशी आम्ही शाळा ते विहीर, विहीर ते ओढा, ओढा ते मारुतीचं देऊळ अशी सगळी अंतरं मोजून आणली. त्या आकड्यांवरून समाजमंदिरामागे मातीत अख्खं गाव उभं केलं. फौजेत याला सँड मॉडेल म्हणतात. राखेचे रस्ते, चुन्याची घरं, डोंगराला दगड. शेवटी गुरुजींनी डोंगरावरून तांब्याभर पाणी सोडलं आणि ते कुठून वाहतं ते आम्हाला बघायला लावलं.

प्रत्येक पाठानंतर ते फौजी पद्धतीने विचारायचे, "कोई शक?" आणि हात वर झाला नाही तर त्यांना बरं वाटत नसे. शंका विचारल्याबद्दल त्या अभ्यासिकेत कधी कुणी बोलणं खाल्लं नाही. मी शिक्षिका झाले त्याचं एक कारण ते दोन शब्द आहेत.

जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात मिरगावला, आंबेघरला दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्याकडेही ओढ्याला पूर आला. पाणी त्या मातीच्या गावात गेलं होतं तसंच गेलं. खालच्या आळीतली माणसं आदल्या संध्याकाळीच शाळेत हलवली होती. चौसष्ट वर्षांचे गुरुजी घरोघर फिरून सांगत होते. त्यांच्यासोबत कंदील, दोर घेऊन फिरणारी पोरं म्हणजे अभ्यासिकेतलेच जुने विद्यार्थी, आता बाप्ये झालेले. पाऊस उघडल्यावर त्याच पोरांनी भाकरी आणि घोंगड्या गोळा करून पाटणकडे टेम्पो नेला.

महोदय, आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण कामी आले, त्यांचा स्तंभ तिथे आहे. जे परत येत नाहीत त्यांना आपण विसरत नाही. पण जे सदतिसाव्या, अडतिसाव्या वर्षी धडधाकट परत येतात, त्यांच्या हाती आपण काठी देतो आणि फाटकाशी बसवतो. मला हे फार लागतं.

कवायत जरूर घ्या. पण त्याच तासाला जोडून भूगोल, मापन, प्रथमोपचार, पुरात काय करायचं, हेही माजी सैनिकांकडे द्या. पलटणीत शिकवण्याचा अनुभव ज्यांच्या सेवापुस्तकात नोंदलेला आहे, त्यांना आधी बोलवा. डी.एड. नसेल तर कायम शिक्षक करू नका, मीही ते मागत नाही. सहा वर्षांच्या मुलाशी कसं बोलायचं याचं छोटं प्रशिक्षण मात्र त्यांना द्या, कारण परेड मैदानावरचा आवाज पहिलीच्या वर्गात चालत नाही. आणि मानधन द्या. 2023 मध्ये शासनाने निवृत्त शिक्षकांना कंत्राटी नेमताना महिना 20,000 रुपये ठरवले होते. तोच विचार इथेही करता येईल. गुरुजींनी तीस वर्षं फुकट शिकवलं, म्हणून पुढच्यानेही फुकटच शिकवावं असं होऊ नये.

आमच्या शाळेमागे यंदा पुन्हा मातीचं गाव करायचं चाललंय. गुरुजींना आता उकिडवं बसवत नाही, म्हणून मुलांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली आहे. आपण साताऱ्याकडे आलात तर जरूर या. चौथीची मुलं आपल्याला पाणी कुठून येतं ते दाखवतील.

आपली,
एक जिल्हा परिषद शिक्षिका, सातारा जिल्हा