ग्राफ्ट बसवलेल्या रुग्णाचा ताप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटातील महाधमनीचा फुगवटा, पायाची बंद पडलेली रक्तवाहिनी किंवा डायलिसिस यांसाठी डेक्रॉन वा पीटीएफई या कृत्रिम पदार्थांचा ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम रक्तवाहिनी, बसवलेले रुग्ण आता तालुक्याच्या गावीही भेटतात. या ग्राफ्टला कित्येक वर्षांनंतरही जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

सुरुवातीच्या महिन्यांत होणारा संसर्ग लपत नाही. जखम लाल होते, जांघेतून पू येतो. उशिराचा संसर्ग पुष्कळदा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारख्या, एरवी त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणाऱ्या जंतूंचा असतो आणि ते ग्राफ्टवर चिकट थर तयार करून त्यात दडून राहत असल्यामुळे बारीक ताप, थकवा आणि घटते वजन याखेरीज काही हाती लागत नाही, रक्ताच्या कल्चरमध्येही, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीतही, अनेकदा जंतू वाढत नाहीत. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करून ग्राफ्टभोवती द्रव किंवा हवा आहे का, हे पाहावे लागते. शस्त्रक्रियेला 3 महिने उलटूनही द्रव टिकून असेल तर संशय बळावतो. तरीही उलगडा न झाल्यास पेट-सीटी या, संसर्गाची जागा उजळून दाखवणाऱ्या स्कॅनची मदत होते.

म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे की, अशा रुग्णाला ताप आल्यास कल्चरसाठी रक्त घेतल्यावरच प्रतिजैविक सुरू करावे. दुकानातून आणलेल्या गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर जंतू सापडण्याची शक्यता घटते आणि पुढे किमान 6 आठवडे द्यायचे औषध अंदाजाने निवडावे लागते. नुसत्या औषधाने हा संसर्ग क्वचितच समूळ जातो. शक्य तेथे ग्राफ्ट काढून रुग्णाच्याच मांडीतील खोल शिरेने नवी वाहिनी करतात, किंवा काखेपासून जांघेपर्यंत त्वचेखालून रक्ताला दुसरी वाट देतात. ही मोठी शस्त्रक्रिया ज्यांना झेपणार नाही, अशांना कधीकधी आयुष्यभर प्रतिजैविके घ्यावी लागतात.

सर्वांत घातक चूक आणखी एका प्रसंगी होते. महाधमनीवरील ग्राफ्ट लहान आतड्याला चिकटून तेथे छिद्र पडले, की थोडी रक्ताची उलटी किंवा काळी शौच होते आणि थांबते. ती थांबली म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवू नये. पुढचा रक्तस्राव काही तासांतही होऊ शकतो आणि तो प्राणघातक ठरतो.

ग्राफ्ट कोठे, कधी व कशाचा बसवला, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक लिहिण्याची सक्ती आरोग्य विभागाने सर्व रुग्णालयांना करावी, आणि रुग्णांनी ते कार्ड प्रत्येक डॉक्टरला आपणहून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, सांगली