रानडुक्कर छऱ्याने मरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानडुकरं मारायची परवानगी सरसकट द्या, अशी मागणी चोपडा तालुक्यात जोर धरते आहे. अनेर नदीकाठी माझी सात एकर जमीन. दुधावर आलेला मका एका रात्रीत अर्धा एकर आडवा झालेला मी पाहिलाय. बांधाला जुन्या साड्या बांधल्या, रात्ररात्र डबे बडवले. त्यामुळे ही मागणी मला कळते. पण मागणाऱ्यांनी माझ्या शेतात काय घडलं तेही ऐकावं.

गेल्या हंगामात रीतसर परवानगी काढून गावातल्या एका परवानाधारकाने छऱ्याच्या बाराबोर बंदुकीतून एका थोराड नरावर दोन बार काढले. अंतर तीस पावलं. बॅटरी माझ्याच हातात होती. त्याने पुढचे गुडघे टेकले, आम्हाला वाटलं संपलं. तेवढ्यात उठलं आणि केळीत शिरलं. सकाळी माग काढला तर रक्ताचे चारच थेंब. सालदार म्हणाला, "लागनंच नही, भाऊ." आम्हीही तेच धरून बसलो.

तिसऱ्या दिवशी केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, कापायला मीच मजूर पाठवले. त्यातल्या एकाच्या मांडीत त्याच डुकराने सुळा घातला. सतरा टाके पडले. आणखी दोन दिवसांनी ते डुक्कर पाटाजवळ मेलेलं सापडलं.

पंचनाम्याच्या वेळी पशुवैद्यकांनी खांदा उघडला तेव्हा मी वाकून पाहत होतो. कातड्याखाली पांढरट, कूर्चेसारखा चिवट थर, दोन बोटं जाड. सुरी अडकत होती. छरे त्यातच रुतलेले. एक तेवढा बरगड्यांमागून पोटात गेला होता, त्यानेच ते पाच दिवस झिजत मेलं. मादीसाठी नर झुंजतात, तेव्हा सुळ्यांचा मार याच थरावर झेलतात, वयाबरोबर तो जाड होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. हृदय पुढच्या पायांच्या मध्ये, अगदी खाली. चरबी भोक बुजवते, म्हणून रक्त बाहेर सांडत नाही. त्या चार थेंबांचा अर्थ मला तेव्हा कळला.

काही जण बांधावर वीज सोडतात. त्यात माणसं गेल्याच्या बातम्या आपणच छापता. तो मार्ग नकोच.

1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली पिकं उद्ध्वस्त करणारं डुक्कर मारायची परवानगी मिळू शकते, ती मिळावीही. पण त्या कागदावर बंदूक कोणती, काडतूस कोणतं, किती अंतरावरून, हे लिहिलेलं असावं. ज्याने बार काढला त्याने वनरक्षकासोबत माग काढायलाच हवा, रक्त दिसो वा न दिसो. आणि जनावर सापडेपर्यंत आजूबाजूच्या मळ्यांत कुणी उतरू नये म्हणून गावात दवंडी द्यावी. आम्ही दिली नाही.

त्या मजुराला अजून उकिडवं बसता येत नाही. रानडुकराने जखमी केलेल्याला वनखात्याकडून मदत मिळते. तो अर्ज मी स्वतः भरून दिला आहे. तोवर त्याची रोजची मजुरी माझ्याकडून जाते आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. चोपडा, जि. जळगाव