तुटपुंजे बजेट ही पटकथेची सबब नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत एका नवोदित दिग्दर्शकाच्या किशोरवयावरील चित्रपटाचे परीक्षण वाचले. ‘अपुऱ्या साधनांतला प्रामाणिक प्रयत्न’ म्हणून परीक्षकांनी त्याला दिलेले झुकते माप मला पटले नाही. (चित्रपटाचे नाव मुद्दाम टाळतो, मोजक्या खेळांवर तग धरून असलेल्या मंडळींचा गल्ला माझ्या पत्राने आणखी घटू नये.)

अभिनयाबद्दल दुमत नाही. वडील गेल्यानंतर पंधरा वर्षांचा नायक त्यांचे घड्याळ हातात घालतो, पट्टा सैल असल्याने ते पार कोपरापर्यंत घसरते, आणि मग तो खिळा तापवून पट्ट्याला एक जादा भोक पाडतो. हा प्रसंग त्या मुलाने एकही शब्द न बोलता, नुसते ओठ घट्ट मिटून असा उभा केला आहे की प्रेक्षागृहातली चुळबूळसुद्धा थांबली. पण पटकथाकाराचा ना त्या मुलावर विश्वास, ना प्रेक्षकांवर. भोक पाडून होते न होते तोच निवेदन सुरू होते, ‘त्या दिवशी मी मोठा झालो’, आणि पाठोपाठ व्हायोलिन.

खरी उणीव मात्र याहून खोल आहे. वयात येण्याच्या कथेत नायकाने स्वतः काही ठरवावे लागते, प्रसंगी चुकावे लागते आणि त्या चुकीचे ओझे वाहावे लागते. येथे आई आजारी पडते, शाळा सुटते, मित्र दुरावतो आणि नायक केवळ पाहत राहतो. मित्राने केलेली चोरी त्याला ठाऊक असते. तो ती सांगेल की पोटात ठेवील, हा संपूर्ण चित्रपटातला एकमेव पेच. तो ऐन भरात येतो आणि पडद्यावर पाटी झळकते: ‘दोन वर्षांनंतर’. म्हणजे मुलगा मोठा झाला तो नेमका आपल्याला न दाखवलेल्या काळात!

यात पैशांचा संबंध कुठे येतो? ‘पथेर पांचाली’ या बंगाली चित्रपटाचे (१९५५) चित्रीकरण पैशांअभावी वारंवार थांबले, छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यापूर्वी चित्रपटाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता, आणि काशफुलांचा (उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांचा) माळ गुरांनी चरून टाकल्यामुळे दिग्दर्शक सत्यजित राय यांना पुढच्या बहराची वाट पाहावी लागली. तरीही त्यातला छोटा नायक अपू आगगाडी पाहतो तेव्हा त्याला काय वाटले हे कोणी कानात येऊन सांगत नाही. दृश्यावर भरवसा ठेवायला अनुदान लागत नाही.

निवेदनाची पट्टी काढून टाकण्याचा खर्चही किरकोळच असेल. ओटीटीवर येण्यापूर्वी दिग्दर्शकांनी एवढे जरी केले, तरी त्या घड्याळासाठी हा चित्रपट मी पुन्हा पाहीन.

– एक नियमित वाचक