लिओनार्दोच्या वह्यांवर पण लिहा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिओनार्दो दा विंचीवर पेपरात काहीही आलं तरी मी ते वाचतोच, पण दरवेळी तेच ते असतं, मोनालिसा नेमकी हसतेय का, तिच्या चित्रात काही गुपित लपलंय का, साल्वातोर मुंडी हे त्याचं चित्र २०१७ ला ४५ कोटी डॉलरला गेलं, आणि खाली एक चौकट की या माणसाने ५०० वर्षांपूर्वीच हेलिकॉप्टर शोधलं होतं. या सगळ्यात त्याचं खरं काम कुठे दिसतच नाही म्हणून हे पत्र.

हेलिकॉप्टरचं आधी सांगतो. ते स्क्रूसारखं चित्र त्याने काढलंय हे खरं, पण माणसांच्या ताकदीवर ते जमिनीवरून उठलंच नसतं. त्यापेक्षा १५०५ च्या आसपासची त्याची पक्ष्यांच्या उडण्यावरची छोटीशी वही, जी आता इटलीत तुरिनला आहे, ती कितीतरी मोलाची, कारण तिथे तो वाऱ्यात पक्षी तोल कसा सांभाळतो ते बघून बघून लिहितोय.

पण मला मुख्य बोलायचंय ते हृदयाबद्दल. साठीला आलेला हा माणूस बैलाचं हृदय समोर घेऊन बसलाय आणि त्याला प्रश्न पडलाय की हृदयातून महाधमनीत रक्त गेल्यावर मधली तीन पाकळ्यांची झडप बंद कशाने होते. त्या पाकळ्यांच्या मागे धमनीला तीन फुगवटे असतात. रक्त जोरात बाहेर पडताना त्या फुगवट्यांत भोवरे होत असणार आणि ते भोवरेच पाकळ्या उलगडून झडप मिटवत असणार, असं त्याने मांडलं. आणि नुसतं मांडून थांबला नाही, तपासायचं कसं तेही वहीत लिहून ठेवलं, बैलाच्या हृदयात मेण ओता, त्यावरून साचा करा, साच्यावरून काचेची नळी करा, त्यातून पाणी सोडा आणि पाण्यात गवताचं बी टाका म्हणजे भोवरे डोळ्यांना दिसतील!! आयुष्यभर नद्या, कालवे, पाण्याचे प्रवाह बघत आलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये प्रयोग झाले तेव्हा त्या भोवऱ्यांची गोष्ट बरोबर निघाली. रक्त शरीरात फिरतं हे मात्र त्याला कळलं नव्हतं, ते विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने १६२८ ला मांडलं, आणि जुन्या ग्रंथांतली हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक भोकं असतात ही चुकीची समजूत लिओनार्दोने पण धरून ठेवली होती. मला तरी यामुळे तो लहान वाटत नाही.

अजून एक पान सांगतोच. १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा हॉस्पिटलमध्ये एक म्हातारा त्याच्याशी बोलत होता, आपण शंभर वर्षं जगलो आणि अशक्तपणा सोडला तर काही दुखत नाही असं म्हणाला, आणि थोड्या तासांत पलंगावर बसल्या बसल्या शांतपणे गेला. इतकं सुखाचं मरण कशाने आलं हे बघायला लिओनार्दोने त्याचं शवविच्छेदन केलं. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी सुकून आकसलेली, यकृत कोरडं पडलेलं, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या. संत्र्याची साल जुनी होताना जाड होते आणि आतला गर कमी होतो तसं, हे त्याचंच उदाहरण. त्याने दोन वर्षांच्या एका मुलाचं पण विच्छेदन केलं होतं आणि तिथे सगळं उलट दिसलं हेही नोंदवलंय. आज ज्याला आपण धमन्या कडक होणं म्हणतो त्याचं इतकं जुनं आणि इतकं स्वच्छ वर्णन वाचताना मला भरून येतं.

आणि हे सगळं करणारा माणूस नोटरी बापाचा अनौरस मुलगा, लॅटिन शाळेत न गेलेला, चाळिशीच्या आसपास स्वतःच लॅटिन शिकायला बसलेला, कारण शरीरशास्त्राचे ग्रंथ बहुतेक लॅटिनमध्ये.

वाईट याचं वाटतं की यातलं त्याने काहीच छापलं नाही. १५१०-११ ला पाव्हियाचा तरुण प्राध्यापक मार्कांतोनियो देल्ला तोर्रे त्याच्या सोबत होता, माझ्या मते पुस्तक व्हायची तीच खरी वेळ होती, पण १५११ मध्ये प्लेगने तो प्राध्यापक गेला. २ मे १५१९ ला फ्रान्समध्ये आंबुआजजवळ लिओनार्दो गेला, वह्या त्याच्या शिष्याकडे म्हणजे फ्रांचेस्को मेल्त्सीकडे आल्या, त्याने जिवापाड जपल्या, पण त्याच्या माघारी घरच्यांना किंमत राहिली नाही आणि कागद कुठे कुठे गेले. पोंपेओ लेओनी नावाच्या शिल्पकाराने तर पानं कापून नव्या अल्बममध्ये चिकटवली, म्हणजे कुठलं पान कुठल्या वहीतलं हे कळायला आज अभ्यासकांना डोकं फोडावं लागतं. वेसालियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ ला शरीररचनेचा आपला मोठा ग्रंथ काढला तेव्हा लिओनार्दोचं काम छापील स्वरूपात कुठेच नव्हतं.

त्याच्या वह्यांतली आरशात दिसावी तशी उलटी अक्षरं म्हणजे गुप्त लिपी हेही कृपया थांबवा. तो डावखुरा होता, उजवीकडून डावीकडे लिहिलं की ओली शाई हाताला लागत नाही, मला तरी एवढं साधं कारण पुरेसं वाटतं.

तर विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत त्याच्या वह्यांचं एक एक पान छापा. इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहातली शरीररचनेची चित्रं आता इंटरनेटवर बघायला मिळतात, मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयातल्या कोडेक्स अटलांटिकसची, म्हणजे त्याच्या कागदांच्या मोठ्या संग्रहाची, पानं पण. चित्र मोठं द्या, शेजारी त्याने काय लिहिलंय ते सोप्या मराठीत द्या, आणि एखाद्या हार्ट सर्जनला विचारा की यातलं आज काय टिकलंय आणि काय नाही. सुरुवात त्या बैलाच्या हृदयाच्या पानाने केलीत तर शाळेतल्या पोरांना पण वाचता येईल.

आपला,
एक नियमित वाचक